हक्क मागणे सब्राच्या विरुद्ध आहे काय?

एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. आजाराने अपंगत्व आलेल्या माणसाने शासनाकडे साहाय्य मागितले आणि ते नाकारले गेले, तर त्याने गप्प बसावे की दाद मागावी? दाद मागणे म्हणजे अल्लाहच्या निर्णयावर नाराज होणे ठरते काय? गेल्या वर्षी शाबान महिन्यात कोल्हापुरातील आमच्या मशिदीत एका नमाजी बंधूने मला हे विचारले. त्या वेळी मी दिलेले उत्तर चुकीचे होते, म्हणून हा लेख लिहीत आहे.

हे बंधू चाळिशीच्या आतले. फौंड्रीत भट्टीजवळ काम करीत. प्रथम एका डोळ्याने धूसर दिसू लागले व काही आठवड्यांनी ते आपोआप निवळले. वर्षभराने पायांना बधिरपणा आला, तोल जाऊ लागला, आणि झोपेनेही न जाणारा थकवा अंगात भरला. तपासण्यांअंती निदान झाले : मल्टिपल स्क्लेरोसिस. या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरील आवरणावर हल्ला करते आणि मेंदूचे संदेश अवयवांपर्यंत नीट पोहोचत नाहीत. पुष्कळांच्या बाबतीत आजार उसळतो, ओसरतो, पुन्हा उसळतो. उष्णतेने लक्षणे वाढतात. भट्टीपुढे उभे राहणाऱ्याला याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. त्यांचे काम सुटले.

दिव्यांगत्वाच्या तपासणीला ते गेले, तो दिवस नेमका बरा होता. इस्त्रीचे कपडे घातले होते. लाज वाटली म्हणून काठी दाराबाहेर ठेवली. डॉक्टरांनी विचारले तेव्हा "अल्हम्दुलिल्लाह, ठीक आहे" असे सवयीने उत्तर दिले. टक्केवारी चाळीसच्या आत लागली. आपल्याकडे बहुतेक सवलती व मासिक अनुदान चाळीस टक्क्यांपासून सुरू होते, त्यामुळे अनुदानाचा अर्जही फेटाळला गेला. घरी दोन मुले शाळेत जाणारी. "मौलाना, पुन्हा अर्ज केला तर बेसब्री तर होणार नाही ना?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "सब्र करा, अल्लाह रज्जाक आहे." ते मान खाली घालून निघून गेले.

माझे वाक्य खोटे नव्हते. पण त्या वाक्याने माझी सुटका झाली, त्यांची नाही.

पुढे रमजानमध्ये तरावीहच्या नमाजीत अठ्ठाविसावा पारा आला. त्याची सुरुवात सूरह अल-मुजादलाने होते. हजरत खौला बिन्त सअलबा (रजि.) यांच्या पतीने रागाच्या भरात त्यांना आईसमान म्हटले. अज्ञानकाळातील रूढीप्रमाणे एवढ्याने स्त्रीचा संसार मोडे, आणि तिला दुसरे घरही करता येत नसे. त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या. या बाबतीत नवा आदेश उतरला नव्हता, त्यामुळे मिळालेले उत्तर त्यांना अनुकूल नव्हते. तरी त्या उठून गेल्या नाहीत. आपले सरलेले तारुण्य, लहान मुले, पुढची उपासमार हे सारे त्यांनी पुन्हा मांडले आणि अल्लाहकडे गाऱ्हाणे घातले. तेव्हा वही अवतरली. पतीविषयी वाद घालणाऱ्या त्या स्त्रीचे म्हणणे अल्लाहने ऐकले आहे, या आशयाने त्या सूरहचा आरंभ होतो, आणि ती रूढी रद्द ठरते.

वर्षानुवर्षे मी ही सूरह पाठ म्हणत आलो. त्या रात्री प्रथमच लक्षात आले की एका स्त्रीने पहिले उत्तर अंतिम न मानता आपले म्हणणे पुन्हा मांडले, आणि कुरआनने तिला बेसब्र म्हटले नाही. ज्यात एका स्त्रीचे गाऱ्हाणे कियामतपर्यंत तिलावतीचा भाग झाले, त्या धर्माचा इमाम आजारी माणसाला गप्प राहायला सांगतो, हे कसे?

मग सब्र म्हणजे काय? हजरत अय्यूब (अ.) यांनी मला पीडा झाली आहे असे आपल्या पालनकर्त्याला उघड सांगितले (२१:८३), आणि त्याच कुरआनने त्यांना सब्र करणारा म्हणून गौरविले (३८:४४). हजरत याकूब (अ.) यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले, आणि त्याच वेळी मुलांना यूसुफ (अ.) यांचा शोध घ्यायला पाठविले (१२:८६-८७). म्हणजे सब्रात दुःख सांगणेही आहे आणि पावले उचलणेही आहे. आजार अल्लाहकडून आलेली परीक्षा आहे, त्यावर सब्र. कार्यालयातून आलेला निर्णय मात्र माणसाचा असतो आणि माणूस चुकू शकतो. माणसाच्या चुकीला तकदीर म्हणणे हा सब्र नव्हे.

दुसरी शंका अशी की मागणे मुस्लिमाला शोभत नाही. खरेच, भीक मागण्याला प्रेषितांनी (स.) नापसंत केले आहे. पण भीक निराळी आणि हक्क निराळा. श्रद्धावंतांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा व वंचिताचा हक्क असल्याचे कुरआन सांगतो (५१:१९). तेथे शब्द दयेचा नाही, हक्काचा आहे. कोल्हापूरकरांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या एखाद्याची दया येऊन नव्हे, जाहीरनामा काढून. दया देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. हक्क कागदावर असतो आणि त्याकडे बोट दाखविता येते.

या बंधूंचा हक्क कागदावर आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते व त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नव्हता. मुंबईत रहमत फजलभॉय यांनी या रुग्णांसाठी १९८५ साली संस्था स्थापन केली, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने हे रुग्ण दिव्यांगच नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आले आणि त्यांत या आजाराचे नाव स्पष्ट घातले गेले. याच कायद्याच्या कलम ५९ ने प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याची वाट दिली. २०१७ च्या नियमांनी त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत ठेवली. ज्या कायद्याने हक्क दिला, त्यानेच अपीलही दिले. मग ते वापरणे बेअदबी कशी?

आता तिसरी गोष्ट. मला ती सर्वांत अवघड वाटते. एका नातेवाइकाने या बंधूंना सल्ला दिला होता : "पुढच्या वेळी पाय ओढत जा, बोलताना अडखळा." येथे आपण सावध राहावे. प्रेषितांनी (स.) सांगितल्याचा आशय असा की मी माणूस आहे, तुम्ही माझ्याकडे वाद आणता, एखादा अधिक वाक्चतुर असतो आणि मी त्याचे ऐकून निर्णय देतो, पण त्यामुळे दुसऱ्याचा हक्क ज्याला मिळाला, त्याने तो घेऊ नये, तो अग्नीचा तुकडा आहे. सोंग करून मिळविलेले अनुदान या इशाऱ्यात येते.

पण काठी दाराबाहेर ठेवणेही सत्य नव्हते. हे आपल्याला पटायला जड जाते, कारण दुखणे लपविण्याला आपण खानदानीपणा मानतो. साक्ष सत्याने द्या, मग ती स्वतःच्या विरुद्ध का असेना, असा आदेश आहे (४:१३५). स्वतःविरुद्ध सत्य सांगणे बंधनकारक असेल, तर स्वतःच्या बाजूचे सत्य दडपण्याची मुभा कोठून आली? विशेषतः त्यावर बायको-मुलांची भाकरी अवलंबून असताना? ज्या आजारात आजचा दिवस उद्यासारखा नसतो, त्यात एका दिवसाचे दर्शन अर्धेच सत्य असते. म्हणून आम्ही दोघांनी महिनाभराची नोंद ठेवली : किती दिवस काठीशिवाय चालता आले, किती दिवस जिना चढता आला नाही, किती वेळा हातातून पेला निसटला. बरे दिवसही लिहिले. ते लिहू नयेत असे त्यांच्या पत्नीला वाटत होते, मलाही क्षणभर वाटले. पण ते लिहिल्यामुळेच बाकीच्या दिवसांवर विश्वास बसण्याजोगा कागद झाला. मराठीतील अर्ज मी लिहून दिला. पदवीसाठी घेतलेल्या मराठीचा इतका नेमका उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

निर्णय देणाऱ्या बांधवांनाही दोन शब्द. खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना लिहिलेले न्यायदानाचे पत्र प्रसिद्ध आहे. काल दिलेला निर्णय आज चुकीचा दिसला, तर सत्याकडे परतण्यात संकोच करू नये, असा त्याचा एक आशय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका दिव्यांग विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात म्हटले की केवळ टक्केवारीच्या आकड्याने माणसाला अपात्र ठरविता येत नाही, आणि तपासणी मंडळाचा निर्णय न्यायालयात तपासता येतो. तेथे आकडा मोठा म्हणून दार बंद झाले होते, येथे लहान म्हणून. आकड्यामागचा माणूस दोन्हीकडे पाहायचा राहिला. स्वाभिमानाने न मागणाऱ्यांना अजाण माणूस सुखवस्तू समजतो, त्यांना त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते, हे कुरआनने सांगितलेच आहे (२:२७३). ओळखण्याची जबाबदारी त्या आयतीत पाहणाऱ्यावर आहे.

आणि आपण? मशिदीत शेजारी बसणारा गेले काही जुमे खुर्चीवर नमाज का पढतो, हे आपण विचारतो का? त्याच्याबरोबर कार्यालयात जायला, रांगेत त्याच्या जागी उभे राहायला, मुदत संपण्यापूर्वी कागद जुळवायला किती जण तयार असतात? सब्राचा उपदेश करण्यापूर्वी एवढे तरी करावे, हे मी स्वतःला बजावले आहे.

अपिलाचा निकाल अद्याप आलेला नाही. कदाचित तो प्रतिकूलही येईल. पण कागद दाखल करून परतताना ते बंधू काठी टेकत, सर्वांदेखत चालत होते, आणि जिन्याशी थांबून म्हणाले, "मौलाना, आता सब्र सोपा वाटतो."

अल्लाह आजारी बांधवांना शिफा देवो, निर्णय देणाऱ्यांना न्यायाची दृष्टी देवो आणि आपल्याला सत्य बोलण्याचे व दुसऱ्याचे ऐकण्याचे बळ देवो. आमीन.