तिकिटापलीकडचे देणे

किंमत दिली म्हणजे उपकार फिटला काय, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे वर्गात विद्यार्थ्यांपुढे मांडीत आलो आहे. परंतु तो प्रश्न माझ्याच पुढे येऊन उभा राहिला तो व्याख्यानगृहात नव्हे, तर मुंबईतील एका बस-आगारात.

आमचे घर पेण तालुक्यातील जिते या गावी आहे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटे सोडले की हे लहानसे स्थानक लागते. करोनाची साथ ओसरल्यानंतरच्या एका सुटीत आम्ही घरची मंडळी सकाळच्या गाडीने निघालो, पनवेलला गाडी बदलली आणि शीवजवळच्या आणिक आगारातील बेस्टचे वाहतूक संग्रहालय पाहावयास गेलो. बरोबर बँकेतून निवृत्त झालेले माझे थोरले बंधू, परिचारिकेचे काम करणारी त्यांची मुलगी आणि धाकट्या बहिणीची दोन मुले होती. हे संग्रहालय 1984 साली कुर्ला आगारात सुरू झाले व 1993 साली आणिक येथे आले. ट्रामगाड्यांच्या व बसगाड्यांच्या प्रतिकृती, जुनी छायाचित्रे, तिकिटे आणि तिकिटास भोक पाडण्याची यंत्रे पाहण्यात मुले रंगून गेली.

मुंबईत घोड्यांची ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंतचे भाडे तीन आणे होते. आणि नवल असे की, आरंभी तिकीट म्हणून काही नव्हतेच. पुढे भाडे दोन आण्यांवर आले आणि त्याच वर्षी तिकिटेही आली. हे सांगताच धाकट्या भाच्याने विचारले, “मामा, तिकीट नसताना लोक खरेच पैसे देत असत?” माझ्याऐवजी दादाच हसून म्हणाले, “सगळेच देत असते, तर तिकीट आले असते कशाला?”

दादांचे म्हणणे खरे आहे. तथापि तिकीट हे केवळ अविश्वासाचे अपत्य नव्हे. ज्या समाजात कोणी कोणाजवळ बसावे हे जन्माने ठरत असे, त्या समाजात दोन आण्यांचा एक कागद हाती घेऊन कोणीही मनुष्य बाकावर हक्काने बसू लागला, ही गोष्ट सामान्य नव्हे. त्याला कोणाची विनवणी करावी लागली नाही, कोणाचे उपकार मानावे लागले नाहीत. किंमत माणसाला मिंधेपणातून सोडविते, हा तिचा फार मोठा गुण होय. विजेची ट्राम 1907 साली आली, बस 1926 साली आली, 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम धावली. वाहने बदलली, पण तो कागदाचा कपटा आपले काम करीतच राहिला.

असे काहीसे मी मोठ्या उत्साहाने बोलत होतो. पुतणी मात्र तिकिटांच्या मांडणीपुढे गप्प उभी होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “काका, त्या साली मीही रोज तिकीट काढीतच होते.”

‘ते साल’ म्हणजे 2020. मार्चच्या अखेरीस लोकलगाड्या बंद झाल्या. रुग्णालयांतील व इतर अत्यावश्यक कामांवरील लोकांना नेण्याआणण्याचा भार बेस्टच्या बसगाड्यांवर पडला. पहाटेच्या एका बसमध्ये हिला रोज तोच वाहक भेटत असे. तोंडावरच्या पट्टीमुळे त्याचा चेहरा तिने कधी पुरता पाहिला नाही, आणि नाव विचारण्याचेही राहून गेले. एके दिवसापासून तो दिसेनासा झाला. त्याची बदली झाली, की आणखी काही झाले, हे तिला आजतागायत ठाऊक नाही.

यावर दादांनी जो आक्षेप घेतला तो विचारात घेण्याजोगा आहे. ते म्हणाले, “त्याला पगार होता, तुलाही पगार होता. ज्याने त्याने आपले काम केले. प्रत्येक जण प्रत्येकाचा ऋणी म्हटला, तर ऋण या शब्दाला अर्थ तो काय उरला?”

मला वाटते, पगाराने माणसाचे तास विकत घेता येतात. भीती वाटत असताना घराबाहेर पाऊल टाकण्याची त्याची तयारी विकत घेता येत नाही. मनुष्याला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नये, असे कांटने 1785 साली लिहिले. त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. वाहकाकडून तिकीट घेणे यात अनीती नाही. तिकीट घेतल्यावर तो आपल्या दृष्टीतून नाहीसा व्हावा, यात ती आहे. आणि या दोषातून हे लिहिणाराही मुक्त नाही. तीस वर्षांच्या जाण्यायेण्यात एकाही वाहकाचे नाव मी विचारलेले नाही.

पण ज्याचे नावगाव ठाऊक नाही, त्याचे ऋण फेडावे कसे? आपल्याकडे देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे सर्वतोमुखी आहेत. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यऋण. आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फेडावयाचे असते. ज्याने दिले त्यालाच परत करावे, अशी अट तेथे नाही. समोर येईल तो माणूस, आणि त्याला जे हवे ते देणे.

परतीच्या गाडीत हे बोलणे चालू असता दादांनाच एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या लहानपणी गावात रात्री मुक्कामाची एस. टी. येत असे. चालक व वाहक गाडीतच निजत, आणि आमची आई त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या व कालवण आमच्या हाती पाठवी. एकदा दादांनी कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली होती, “आपली माणसे त्यांनी घरी आणून सोडली. ती दोघे उपाशी कशी निजतील?”

त्या गाडीतून आलेल्या प्रत्येकाने तिकीट काढलेले होते, हे आईला ठाऊक नव्हते असे नव्हे.