आपलपोटा



आजचं चिंतन गीतेच्या ३ ऱ्या अध्यायातल्या १३ व्या श्लोकावर. तो वाचताना मला आपला मराठी शब्द आठवतो: आपलपोटा. फक्त आपल्या पोटापुरतं बघणारा. 'स्वार्थी' म्हटलं की कुणीतरी मोठा लबाड डोळ्यांपुढे येतो. आपलपोटा मात्र घरातलाच असतो. आधी आपलं ताट वाढून घेणारा, मागच्यांना उरलं का हे न बघणारा.

भगवंत काही पोट भरू नका म्हणत नाहीत. यज्ञ करून उरलेलं खा, म्हणतात. म्हणजे खायचं आहेच! दोष आहे तो फक्त स्वतःपुरतं रांधण्यात. आधीच्या श्लोकात तर न देता भोगणाऱ्याला थेट 'स्तेन', म्हणजे चोर म्हटलंय. का? पाऊस आपण पाडला नाही, धान्य आपण पिकवलं नाही.

पूर्वी जेवणाआधी गोग्रास काढत. आपल्या फ्लॅटच्या दारात गाय येणार नाही. पण उशिरा येणाऱ्या रूममेटसाठी दोन पोळ्या झाकून ठेवता येतात.

आणि प्रार्थना? तीही आपलपोटी असू शकते. आज हात जोडाल तेव्हा आधी दुसऱ्या कुणासाठी तरी मागा.