आधार घेतल्याने निष्ठा उणी होते का?



चाळीस वर्षे कीर्तनसेवेत उभा राहिलो. मागे टाळकरी, बाजूला मृदंग, समोर श्रोते. त्या दोन तासांत पाय दुखतात हे कधी जाणवलेच नाही. आता पंचाहत्तरी ओलांडली. दोन्ही गुडघ्यांत संधिवात आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावले कोणा दुसऱ्याची वाटतात. आज लिहितो आहे ते उपदेश म्हणून नव्हे. माझ्या हातून एक चूक घडली, तिचा हा जबाब आहे.

पहिल्यांदा पडलो तो घरात, पहाटे, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. फार लागले नाही. भिंत धरून उठलो आणि कोणाला काही बोललो नाही. मुलाला कळले तर आषाढीची वारी बंद करील, ही भीती होती. दुसऱ्यांदा अंगणात तोल गेला, तेही गिळले. सूनबाईने काठी आणून कोपऱ्यात ठेवली होती. मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मनात म्हणालो, ज्याने आजवर चालवले तो पुढेही चालवील. काठी धरली तर त्याच्यावरचा भरवसा कमी झाल्यासारखे होईल.

त्या वर्षी फलटण सोडून बरडच्या वाटेवर दिंडी चालली होती. टाळ वाजत होते, पावली रंगली होती. मीही पावली धरली. वळताना डावा गुडघा अचानक सुटला आणि मी शेजारच्या टाळकऱ्याच्या अंगावर कोसळलो. मला खरचटले. त्या माऊलींच्या मनगटाचे हाड मोडले. त्यांची वारी तिथेच थांबली. गाडीत बसवताना ते मलाच म्हणाले, “महाराज, पांडुरंगाची इच्छा.” मी मान डोलावली.

ती डोलावलेली मान मला आजही टोचते. दोनदा पडल्याचे लपवले मी, काठी नाकारली मी, दुखऱ्या पायाने पावली धरली मी. आणि दोष ठेवू दिला पांडुरंगाच्या माथी. आपल्या हट्टाला देवाची इच्छा म्हणणे, ही कसली भक्ती?

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत जरा आणि व्याधी यांतले दोष पाहणे हे एक लक्षण आहे. म्हातारपण अंगाला भिडण्याआधीच शहाणा माणूस त्याचा विचार कसा करतो, हे ज्ञानेश्वर माऊलींनी त्यावर विस्ताराने सांगितले आहे. या अध्यायावर मी किती वेळा निरूपण केले असेल! पण त्या यादीत पहिले लक्षण कोणते? अमानित्व, म्हणजे मोठेपणाची हाव नसणे. त्याच्या पाठोपाठ दंभ नसणे. मी जिला निष्ठा म्हणत होतो ती तपासून पाहिली, तेव्हा तिच्या तळाशी मानच सापडला. ‘महाराज अजून काठीशिवाय चालतात’ हे ऐकायला मला गोड लागत होते.

कोणी विचारील, देह नाशवंत आहे, मग त्याला एवढे जपायचे कशाला? माऊली, टाळही एक दिवस झिजणार, म्हणून आपण तो दगडावर आपटत नाही. देहाचा लोभ वेगळा आणि देहाची निगा वेगळी. शिवाय आपण पडतो तेव्हा एकटे पडत नाही. उचलणाऱ्याची कंबर जाते, शुश्रूषा करणाऱ्यांची झोप जाते, आणि शेजाऱ्याचे मनगटही जाते.

सप्ताहात वीणा अखंड उभी असते. पण एकच माणूस सात दिवस ती धरत नाही. पहारा संपला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणा उतरवणाऱ्याची निष्ठा संपली, असे आपण म्हणतो का? उलट थकूनही हट्टाने धरून ठेवली आणि वीणा हातून पडली, तर दोष कोणाचा?

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या प्रसंगानंतर मी इतका भ्यालो की चार महिने खुर्ची सोडली नाही. पाय अधिकच बारीक झाले, तोल आणखी जाऊ लागला. डॉक्टरांनी समजावले, भीतीने चालणे सोडले की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळा पाय लवकर पाडतो. आता रोज खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून धरतो, मनात नामाचे आकडे मोजत. उठताना आधी काठावर बसतो, डोके स्थिर झाले की मगच उभा राहतो. रात्री दिवा चालू ठेवतो, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, धोतराचा काठ वर घेतला, सैल चपला टाकल्या. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, हेही तेव्हाच कळले. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि पडलो तर त्याच दिवशी घरी सांगायचे आणि डॉक्टरांनाही. कारण कधी नजर, कधी एखादे औषधही तोल घालवते. पडल्यावर घाईने उठायचे नाही. कुठे लागले ते पाहायचे, कुशीवर वळायचे आणि भक्कम आधार मिळाला तरच उठायचे. नाही तर हाक मारायची. हाक मारायची लाज कसली? आयुष्यभर आपण दुसरे काय केले?

मनगट बरे झाल्यावर मी त्या टाळकरी माऊलींच्या गावी गेलो. म्हणालो, “ती देवाची इच्छा नव्हती, माझा अभिमान होता.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, “महाराज, मीपण घरात दोनदा पडलोय. अजून कोणाला सांगितलं नाही.” तेव्हा कळले, एकाचे लपवणे दुसऱ्याला लपवायला शिकवते. म्हणून हे लिहिले.

आता मी वाखरीपासून पंढरपूरपर्यंतच चालतो. रस्त्याच्या कडेने, उजव्या हातात काठी, डावीकडे नातू. पावली पाहतो, धरत नाही. मन खट्टू होते, खोटे कशाला बोलू? पण माऊलींच्या पादुकाही आळंदीहून रथातूनच पंढरीला येतात. त्या रथाला हात जोडतो, काठी पुढे टेकवतो आणि मग पाऊल टाकतो.

रामकृष्ण हरि.