लेकीचे वाढणे आणि घरातील मौन

आठ-नऊ वर्षांच्या लेकीचे केस विंचरताना किंवा ईदचे कपडे तिच्या अंगाला लावून पाहताना एखाद्या दिवशी आईच्या ध्यानात येते की, मुलगी वाढू लागली आहे. आई हे पाहते आणि बहुधा गप्प राहते. अजून लहान आहे, वेळ आली की सांगू, असे स्वतःला समजावते. वाचकहो, या मौनाला हया म्हणावे काय?

हया हा ईमानचा भाग आहे, यात दुमत नाही. परंतु ज्या स्त्रियांनी प्रत्यक्ष प्रेषितांकडून (स.) हया शिकून घेतली, त्या गप्प बसल्या नव्हत्या. फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी रक्तस्राव थांबत नसल्याची अडचण प्रेषितांसमोर मांडली. त्या प्रश्नाच्या उत्तरावर आजही असंख्य स्त्रियांची नमाज उभी आहे. दीनचे ज्ञान घेताना लाज आड येऊ दिली नाही, म्हणूनच आदरणीय आयशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली. हजच्या प्रवासात सरिफ येथे स्वतः आयशांना (रजि.) पाळी आली व त्या रडू लागल्या, तेव्हा ही आदमच्या लेकींसाठी अल्लाहनेच ठरविलेली बाब आहे, असे सांगून प्रेषितांनी (स.) त्यांचे सांत्वन केले. हे सांत्वन आपल्या किती घरांत लेकींपर्यंत पोहोचते?

मौनाची किंमत मुलगी चुकविते. रमजानमध्ये पाळीच्या दिवसांत रोजा नसतानाही भावांना कळू नये म्हणून ती सहरीला उठते, दिवसभर उपाशी राहते आणि न्हाणीघरात लपून पाणी पिते. शरीअतने दिलेली सवलत घरच्या संकोचाने हिरावून घेतली. पुढे त्या रोजांची कजा करावयाची असते, नमाजांची नसते, हेही तिला कोणी सांगितलेले नसते. दहाव्या-अकराव्या वर्षी पाळी आलेली मुलगी ‘रोजे मोठ्यांसाठी असतात’ अशा समजुतीत राहिली, तर त्या चुकलेल्या रोजांबद्दल कोणाला विचारले जाईल? तिलाच केवळ, की तिच्या आईवडिलांनाही?

पाळी सुरू होताच मुलगी बालिग ठरते आणि नमाज-रोजा तिच्यावर फर्ज होतात. कोकणातील शाफई घर असो वा देशावरील हनफी, साधारण नऊ चांद्र वर्षांपूर्वीचा रक्तस्राव पाळी गणला जात नाही. चांद्र नऊ वर्षे म्हणजे इंग्रजी कालगणनेने जेमतेम पावणेनऊ, हे जन्मदाखला पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. वैद्यकशास्त्रानुसार मुलींमध्ये हे बदल 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान सुरू होतात आणि पहिल्या चिन्हानंतर पाळी येण्यास साधारण दोन-अडीच वर्षे लागतात. अल्लाहने आईला दिलेली ही सवड आहे. चिन्हे आठव्या वर्षापूर्वीच दिसली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. हाडांची वाढ लवकर थांबून उंची खुंटण्याचा संभव असतो आणि त्यावर उपचार आहेत.

येथे आणखी एक गोष्ट निसटते. शरीर वाढले म्हणजे समज वाढली, असे पवित्र कुरआन मानीत नाही. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांची मालमत्ता त्यांच्या हाती देण्यासाठी वयात येण्यासोबत ‘रुश्द’, म्हणजे शहाणपण, दिसून येण्याचीही अट आहे. संपत्तीबाबत एवढी सावधगिरी, आणि आपल्याकडे मुलगी जरा उंच दिसली की एखादी नातेवाईक बाई स्थळांची भाषा बोलू लागते! नमाज फर्ज झालेली मुलगीदेखील बाहुलीशी खेळू शकते. तिला खेळू द्यावे.

वडिलांविषयीही बोलले पाहिजे. मुलगी वाढू लागताच अनेक पिते एकाएकी दूर सरकतात आणि आपले काय चुकले, हे तिला उमगत नाही. आदरणीय फातिमा (रजि.) आल्या की प्रेषित (स.) उठून उभे राहत, त्यांचा हात हाती घेत, त्यांना आपल्या जागी बसवीत, आणि फातिमा (रजि.) तेव्हा लहान नव्हत्या.

आईने तहारतपासून सुरुवात करावी, गुस्लची पद्धत समजावून द्यावी, शाळेच्या दप्तरात एक पॅड व एक जादा सलवार ठेवावी. भावांनाही सांगून ठेवावे की, बहिणीचा रोजा नसेल तर कारण विचारू नये, आणि दुपारी तिला स्वयंपाकघरात निवांत जेवू द्यावे.