एकोणिसावा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजन्माची कथा आपण दरवर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेला ऐकतो. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अत्रिऋषींच्या आश्रमात आले, त्यांनी अवघड भिक्षा मागितली, आणि अनसूयामातेने तीर्थ शिंपडून त्या तिघांची तान्ही बाळे केली. कीर्तनकार इथे टाळ्या घेतात, पाळणा होतो, सुंठवडा वाटला जातो आणि आपण घरी येतो. पण पुढचं कुणी सांगत नाही. एका घरात तीन तान्ही पोरं! एक झोपलं की दुसरं उठणार, दोघं झोपली की तिसऱ्याला भूक लागणार. त्या माउलीनं पातिव्रत्याची परीक्षा एका क्षणात दिली असेल, पण नंतरची परीक्षा कितीतरी रात्री चालली असेल. घरात लहान मूल सांभाळल्याशिवाय हे कळत नाही. मला तरी वयाच्या साठीनंतर कळलं.

आमचा मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात. नातू साडेचार वर्षांचा. दुपारी बारा वाजता बालवाडीची रिक्षा येते, तेव्हापासून संध्याकाळी सातपर्यंत तो माझ्या आणि आमच्या सौभाग्यवतींच्या ताब्यात. खरं म्हणजे आम्ही त्याच्या ताब्यात. मी चौतीस वर्षे बँकेत कारकुनी केली, काउंटरवर पेन्शनच्या दिवशीची गर्दी सांभाळली, पण या एका गिऱ्हाइकापुढे हात टेकले. याचं टोकन कधी संपतच नाही.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे. सातव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत. हा अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू, अशी आपली परंपरा. एकनाथ महाराजांनी १५७३ मध्ये काशीला पूर्ण केलेल्या आपल्या भागवतात हा भाग फार सविस्तर उलगडला आहे. चोवीस गुरू कोणते, हे आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. पृथ्वी, वायू, आकाश यांपासून सुरुवात होते. आठवा गुरू कपोत, म्हणजे कबुतर. अठरावा कुरर पक्षी, आपल्याकडे त्याला टिटवी म्हणतात. आणि एकोणिसावा अर्भक, लहान मूल. ही यादी मी किती वर्षे वाचली! पण एकोणिसावा गुरू घरात चड्डी सांभाळत पळतोय, हे काही लक्षात आलं नव्हतं.

झालं असं. आमच्या खालच्या मजल्यावर नातवाच्याच वयाची एक मुलगी आहे. दोघांची गट्टी. श्रावणात एका दुपारी प्लॅस्टिकच्या टेंपोवरून दोघांचं भांडण झालं. तिनं टेंपो ओढला, यानं सोडला नाही, तिनं याच्या दंडाला चावा घेतला. चांगले चार दात उमटले होते. हा रडत वर आला. करंगळी दाखवून म्हणाला, "आबा, माझी तिच्याशी कट्टी. कध्धीच बोलणार नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. सौ.नी हळद लावली, विषय संपला होता. पण माझ्यातला कबुतर जागा झाला. भागवतातल्या त्या कबुतराची पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडतात, त्यांच्यामागोमाग त्यांची आई आणि शेवटी तो स्वतः होऊन जाळ्यात शिरतो. मीही तसाच जिना उतरून खाली गेलो. मुलीच्या आजीला म्हणालो, "जरा वळण लावा मुलीला." त्या माउलीनंही काही ठेवणीतलं सुनावलं. तुमचा नातू परवा काय काय बोलला, तुम्ही वरून आदळआपट किती करता, गॅलरीत धुतलेल्या कपड्यांचं पाणी आमच्या तुळशीवर कसं पडतं, सगळं निघालं. मी लाल होऊन वर आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातू दिसेना. शोधलं तर दोघं आमच्याच डायनिंग टेबलाखाली एका ताटलीतला चिवडा खात बसलेली. तो शेंगदाणे वेचून तिला देत होता, कारण तिला शेंगदाणे आवडतात. मी विचारलं, "अरे, तुझी कट्टी होती ना?" तो म्हणाला, "बट्टी झाली." दोन बोटं जुळवून दाखवली आणि परत चिवड्यात हात घातला.

आणि वरचे आबा नि खालच्या आजी पुढे सव्वा महिना जिन्यात एकमेकांकडे बघत नव्हते. ज्याला चावा बसला तो विसरला, न चावलेले दोघं धरून बसले. आता सांगा, कुणाचा जप कुणाला लागू पडायचा?

हे हसण्यावारी गेलं असतं. पण भाद्रपदात त्याने जुना अल्बम ओढून काढला. त्यात नृसिंहवाडीच्या घाटावरचा एक फोटो आहे. मी आणि माझा एक मित्र, पंचे नेसलेले, ओल्या केसांचे, मागे कृष्णामाई. आम्ही दोघं एकाच वर्षी बँकेत लागलो, एकाच डब्यातून जेवलो. दर पौर्णिमेला सांगलीहून एसटीनं वाडीला जायचं, मनोहर पादुकांचं दर्शन घ्यायचं, पालखी करायची आणि येताना कवठाची बर्फी, असा आमचा वीस वर्षांचा नेम. त्याचं गाव शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी तो गावाकडून पिशवीभर घेवडा आणायचा. आपल्याकडे महाराजांच्या नैवेद्याला घेवड्याची भाजी लागतेच.

"आबा, हा कोण?"

"माझा मित्र."

"मग आपल्याकडे का येत नाही?"

मुलाशी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलेलं आहे. म्हटलं, "आमची कट्टी आहे."

"किती झोपा झाल्या?" त्याचा दिवस झोपेवर मोजला जातो.

नऊ वर्षांच्या झोपा किती, हे मी बी.कॉम. असूनही त्याला सांगू शकलो नाही.

कट्टीचं कारण पैसा. दुसरं काय असणार? त्यानं मुलाच्या धंद्यासाठी पतपेढीचं कर्ज काढलं आणि मी जामीन राहिलो. धंदा बसला, त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली, हप्ते थांबले. मग नियमाप्रमाणे जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू झाली. दरमहा ४,३०० रुपये, २२ महिने. ९४,६०० रुपये. तो माझा फोन घेईना. एकदा बाजारात मला बघून वळला. त्या दिवशी मी घरी येऊन डायरीच्या शेवटच्या पानावर तो आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या, खातं बंद करताना मारतात तशा. २०१६ साल होतं ते.

त्यानंतर मी दरवर्षी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह केला आहे. एकभुक्त राहून, जमिनीवर झोपून, सगळे नियम पाळून. रोज अठरावा अध्याय वेगळा वाचत होतो, कारण तो वाचला की दारिद्र्य जातं, अडकलेला पैसा येतो म्हणतात. संकल्प काय सोडला होता तो आता लिहायला लाज वाटते. श्रीगुरूंपुढे बसून मी वसुलीचा अर्ज करत होतो.

आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत पाणी शिरलं, वाडीचं मंदिर पाण्यात गेलं, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं वेढली गेली. त्याच्या गावातली माणसं नावेतून काढतायत हे मी टीव्हीवर बघितलं. फोन हातात घेतला. नंबर पाठ होता. मग ९४,६०० आठवले आणि फोन ठेवला. हे मी आजवर सौ.नाही सांगितलेलं नव्हतं.

"मग बट्टी करा ना," नातू म्हणाला.

"अरे, चूक त्याची होती."

त्यावर तो जे बोलला ते मी जसंच्या तसं देतो. "चूक नाही. कट्टी कोणी केली?"

"मी."

"मग ज्यानं कट्टी केली त्यानं बट्टी करायची असते." आणि अल्बम टाकून तो टेंपो घेऊन निघून गेला.

मुलांच्या कायद्यात अपराध कुणाचा हा मुद्दाच नाही. गाठ ज्यानं मारली त्यानं सोडवायची. मी रात्रभर याच्याशी वाद घातला. म्हटलं, मूल विसरतं कारण त्याला आठवत नाही. माझ्या पगारातून गेलेले बावीस हप्ते मी कसे विसरू? जो व्यवहार विसरतो तो ज्ञानी नव्हे, बावळट.

सकाळी स्नान करून पुन्हा नववा अध्याय काढला. तिथे बालकाविषयी अवधूत सांगतात की मला मान-अपमान नाही, घरादाराची चिंता नाही, मी बालकासारखा आपल्यातच रमून फिरतो. हे ठाऊक होतं. पण पुढचाच श्लोक मी इतकी वर्षे भरकन वाचून गेलो होतो. त्यात म्हटलं आहे की चिंतेतून सुटून आनंदात बुडालेले दोघेच असतात. एक काही न जाणणारं अजाण बालक, आणि दुसरा गुणांच्या पलीकडे पोहोचलेला. म्हणजे माझी शंका अवधूतांनी आधीच ऐकून ठेवली होती! मूल न कळल्यामुळे सुटतं, सिद्ध सगळं कळून सुटतो. मधे आपण सगळे. आपल्याला कळतंही, आणि सुटतही नाही.

मग सुटायचं कसं? त्यासाठी पान उलटून मागे जावं लागलं नाही. बालकाच्या अगदी आधीचे दोन श्लोक कुरर पक्ष्याचे आहेत. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बलवान पक्षी त्याला टोचत होते. त्यानं तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. तुकडा आपला होता की नव्हता, कष्टानं मिळवला होता की नाही, याची चौकशी तिथे नाही. अठरावा गुरू झाला की मग एकोणिसावा. हा क्रम मुद्दाम असेल की नाही, ते विद्वानांनी सांगावं. मला त्या सकाळी तो माझ्यासाठीच लावल्यासारखा वाटला.

आधी खालच्या मजल्यावर गेलो. आजींना म्हटलं, "माझं चुकलं." त्यांनी चहा ठेवला. तुळशीचं पाणी मात्र अजून त्यांच्या लक्षात आहे.

मित्राचा जुना नंबर लागेना. मग कार्तिकात एका गुरुवारी नातवाला घेऊन वाडीला गेलो, दर्शन केलं आणि तिथून रिक्षानं त्याच्या गावी. तो दारातच बसलेला होता. खूप वाळलाय. मला बघून उभा राहिला, काही बोलेना. मीही बोलेना. नातवानं मला कोपरानं ढोसलं आणि आपली दोन बोटं जुळवून दाखवली. साठी उलटलेला मी, भर रस्त्यात बोटं कशी जुळवणार? पण जुळवली. तो खाली बसला आणि पंचा तोंडाला लावला.

घरात भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, विजेच्या बटणांच्याही वर. वहिनी चहा देताना म्हणाल्या, "भाऊजी, त्या पुरात हे सारखं तुमचंच नाव घेत होते. सांगलीत पाणी चढलंय, ते कुठं असतील म्हणून." मी कप खाली ठेवला. मला तो चहा गेला नाही.

निघताना तो म्हणाला, "तुझे पैसे..." मी "ते गंगेला मिळाले" म्हणालो असतो तर हा लेख जास्त शोभला असता. पण माझ्या तोंडून निघालं, "बघू रे नंतर." तेवढंच सुटलं होतं. चोच थोडी उघडली होती, एवढं म्हणता येईल.

गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात श्रीगुरू त्या गरीब ब्राह्मणाच्या घरी घेवड्याच्या शेंगांची भिक्षा घेतात आणि जाताना तो वेलच तोडून टाकतात. ज्या वेलावर घराचं पोट, तोच गेला म्हणून बायकामुलं रडतात. मग त्याचं मूळ खणताना द्रव्याचा घडा सापडतो. हा अध्याय मी नऊ वर्षे घड्यासाठी वाचला. वेल कोणता, हे विचारलंच नव्हतं. आपला राग हाही पोसलेला वेल असतो, त्याच्या शेंगा आपण रोज खातो आणि त्यावर जगतो. कुणीतरी येऊन उपटला की आधी रडूच येतं.

मित्राच्या कुंपणावर घेवडा लागलेला होता. त्यानं आणि नातवानं मिळून पिशवी भरली. नातवानं निम्म्या शेंगा कोवळ्याच तोडल्या, तो काही बोलला नाही.

यंदा दत्तजयंतीला आमच्याकडे घेवडा त्याच्या घरचा आहे. शिरा काढायला नातू आणि खालची मुलगी बसणार आहेत, म्हणजे शिरा पातेल्यात आणि शेंगा सुपात जातील, सौ. पुन्हा निवडतील. जन्म सूर्यास्ताला. तो म्हणालाय की दुपारच्या एसटीनं येतो, पाळण्याची दोरी धरायला. मी स्टँडवर जाऊन गाडीची वेळ विचारून आलो आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥