तेच पुस्तक, पुन्हा एकदा

आपल्या पालघर जिल्ह्यातलं जूचंद्र गाव रांगोळीसाठी ओळखलं जातं. घरात कुणी रांगोळी काढायला बसलं की लहान मूल शेजारी येऊन बसतंच. चिमूटभर रंग त्याच्याही हातात पडतो. रेघ वाकडी गेली तरी कुणी रागावत नाही. मोठी माणसं एवढं मन लावून करतायत, तर त्यात नक्की गंमत असणार, एवढं त्याला कळतं.

पुस्तक हातात आलं की मात्र आपण लगेच मास्तर होतो. तीन वर्षांचं मूल चित्रांचं पुस्तक उलटं धरून पानं चाळत असतं. आपण म्हणतो, "फाटेल, ठेव ते!" नाहीतर अक्षरावर बोट ठेवून, "हे काय आहे, सांग बघू?" मनात त्याचं भलंच असतं. पण त्याला हवी असते मांडीवर बसून ऐकायची गोष्ट. तीही रोज तीच. आपल्याला कंटाळा येतो, "अरे, काल तर वाचली!" त्याच्या या हट्टात खूप काही दडलेलं असतं. पुढच्या पानावर मांजर येणार, हे त्याला ठाऊक असतं. आपण एखादा शब्द गाळला तर ते लगेच पकडतं. मग एक दिवस तो शब्द आपल्याआधी तेच म्हणून टाकतं. पहिलीत जाण्याच्या कितीतरी आधी घरात वाचन असं सुरू झालेलं असतं.

शिकणं असं घरातूनच सुरू होतं, हे बालशिक्षणासाठी झटणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखलं होतं. आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ साली त्यांचं काम सुरू झालं. पुढे ते कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं हेच शिकायचं साहित्य झालं. मुलाचं शिकणं ओळखीच्या माणसांत फुलतं, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

म्हणून ज्या आईला, आजीला वाचायला जमत नाही, तिनंही मागे राहू नये. चित्रं बघत गोष्ट रचावी, अगदी आपल्या आगरी बोलीत. कामावरून यायला उशीर झाला तर दोनच पानं वाचा. आणि मूल पुढचं पान स्वतःच्या मनानं सांगू लागलं, तर त्याला मध्येच दुरुस्त करू नका. ऐका.