पावतीच्या मागची बाजू

क्षमा नेमकी कोणाला करावयाची आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न एका लुगड्याने माझ्यापुढे उभा केला.

लुगडे आईच्या लग्नातले. लाल रंगाचे, जरीच्या काठाचे. पुतणीने आपल्या लग्नात ते नेसावे असे घरात ठरले. म्हणून ट्रंकेतून काढून ते मी नाक्यावरच्या ड्रायक्लिनिंगच्या दुकानात 'पेट्रोल वॉश'साठी दिले. वायदा चार दिवसांचा होता. खेपा सहा झाल्या. "कारखान्यातून गाडी आली नाही," हे उत्तर गल्ल्यावरचा मुलगा मान वर न करता देई. अठराव्या दिवशी लुगडे हाती आले, तेव्हा लाल रंग सुटून काठावर उतरला होता आणि जर काळवंडली होती.

ह्या धुलाईला आपण कोरडी म्हणतो, परंतु कपडा तीत भिजतोच. पाण्यात नव्हे, द्रावकात. जगभर त्यासाठी दीर्घकाळ पर्क्लोरोइथिलीन हे रसायन वापरले गेले. पाण्यात सुटणारे अनेक रंग द्रावकात टिकतात, हेच तर ह्या पद्धतीचे इंगित. काठावरचे ओघळ पाहताच मला वाटले, लुगडे पाण्यात बुचकळले असावे. तसे असेल तर पैसे एका कामाचे घेऊन दुसरेच केले होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात ह्याची नोंद आपण सातव्या आज्ञेखाली करतो.

मी कडाडलो. चार गिऱ्हाइकांदेखत त्या मुलाला लबाड म्हटले, चोर म्हटले. बंधू चुकला तर आधी एकांतात जाऊन त्याला सांगावे, ही प्रभूची शिकवण मी शेकडो वेळा ऐकली आहे. ती त्या क्षणी आठवली नाही. मुलगा एवढेच म्हणाला, "अंकल, मी फक्त पावती फाडतो." आणि त्याने पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरांत छापले होते, की रंग व जर यांची जबाबदारी दुकानावर नाही.

एवढ्यात मालक आले. वजनदार गृहस्थ, गावात चार ठिकाणी ऊठबस असलेले. आणि काय सांगावे, माझा आवाज आपोआप खाली आला. "असं व्हायला नको होतं, शेठ," हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडले! त्यांनी धुलाईचे पैसे परत करण्याचे औदार्य दाखविले, मी आभार मानले. निघताना ते मुलाला म्हणाले, "हे तुझ्या पगारातून कापणार." ते मी ऐकले, आणि पायरी उतरलो.

घरी येईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती, की आपण ख्रिस्ती माणसासारखी क्षमा केली. लुगडे ते काय, शेवटी कापडच. परंतु रात्री झोप लागेना. मी सोडून दिलेले ऋण मालकाचे होते, आणि त्याची रक्कम चुकती करणार होता तो मुलगा.

संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखी प्रत्येक राग पाप नव्हे. विवेकाच्या ताब्यातला राग त्यांना मान्य आहे. इतकेच नव्हे, जेथे रागवायला हवे तेथे न रागावणे हाही दोषच, असे त्यांनी 'सुम्मा थिओलॉजिया'त मांडले आहे. मी दोन्ही अंगांनी चुकलो होतो. राग दुबळ्यावर ओतला, बलवानापुढे गिळला, आणि गिळण्याला नम्रता हे नाव दिले.

निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात परमेश्वर बजावतो, की शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतलेस तर सूर्यास्तापूर्वी परत दे. राखावयास दिलेल्या वस्तूचे नुकसान कोणी व केव्हा भरून द्यावे, ह्याचाही निवाडा तेथेच आहे. त्या नियमशास्त्राला पावतीची मागची बाजू ठाऊक नव्हती. आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबरला मिळाली, म्हणून राष्ट्रीय ग्राहक दिन नेमका नाताळच्या आदल्या दिवशी येतो. आपण तेव्हा गोठा सजविण्यात दंग असतो! २०१९ च्या नव्या कायद्याने तर ग्राहकावर लादलेल्या अन्यायकारक करारालाही आव्हान देता येते. बारीक अक्षरे म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. भरपाई मागणे हा सूडही नव्हे. जक्कयाचा पश्चात्ताप लोकांना दिसला तो चौपट परत देण्याच्या शब्दातून. मालकाला ती संधी देण्याचे मी टाळले, कारण उद्या पुन्हा त्यांचे तोंड पाहायचे होते. त्या मुलाचे तोंड पाहायचे होते, ह्याचा मात्र मी विचार केला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी पुन्हा दुकानात गेलो. गल्ल्यावर दुसराच मुलगा बसला होता. पहिल्याची चौकशी केली तेव्हा म्हणाला, "त्याला कारखान्यात लावलाय, अंकल. मशीनवर." पर्क्लोरोइथिलीनची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात बहुधा कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केली आहे, हे मी अलीकडेच वाचले होते. त्या कारखान्यात काय वापरतात, हे मुलाला विचारले. त्याला ठाऊक नव्हते.

"शेठ कधी येतात?"

"आठ वाजता."

सात वाजून दहा मिनिटे झाली होती. पावती खिशात होती. मी दारालगतच्या बाकड्यावर बसलो.